अलंकारांचे सांधे : फासा, मळसूत्र आणि पिन यांचा एक प्रादेशिक विचार

१. विषयाची मर्यादा

महाराष्ट्रातील अलंकारांविषयी आजवर जे लेखन झाले आहे त्यात अलंकारांची नावे, त्यांची घडण, त्यांवरील रत्ने आणि ते धारण करणारे समाज यांची चर्चा पुष्कळ आढळते. परंतु ज्या लहानशा भागाच्या आधारे अलंकार अंगावर अथवा वस्त्रावर टिकून राहतो, त्या फाशाचा, खिळ्याचा, मळसूत्राचा किंवा पिनेचा स्वतंत्र विचार क्वचितच झालेला दिसतो. वस्तुसंग्रहालयांतही दागिना दर्शनी बाजूने मांडलेला असतो. त्याची पाठ पाहावयास मिळत नाही. वास्तविक कारागिराच्या कौशल्याची कसोटी बहुधा पाठीकडच्या बाजूसच लागते. दर्शनी नक्षी थोडी झिजली तरी दागिना दागिनाच राहतो. सांधा निकामी झाला म्हणजे तो हरवतो.

प्रस्तुत लेखात या सांध्यांचा, आणि त्यांतही वस्त्रावर लावावयाच्या पिनेचा, म्हणजे ज्याला आपण इंग्रजी शब्दानेच 'ब्रोच' म्हणतो त्याच्या पाठीवरील योजनेचा, विचार करावयाचा आहे. निरीक्षणाची जागा म्हणून बोरघाटाच्या पायथ्याचा कर्जत–खालापूर हा प्रदेश घेतला आहे. हा प्रदेश सुवर्णकामाचे प्रसिद्ध केंद्र होता असे येथे सुचवावयाचे नाही. कोकण व देश यांना जोडणाऱ्या घाटवाटेवर तो वसलेला आहे, आणि पुढे मुंबई–पुणे लोहमार्गही याच भागातून गेला. त्यामुळे बाहेरचा माल, बाहेरची वेषभूषा आणि गावचा कारागीर यांची गाठ येथे पडली. तिचे टप्पे तपासण्यास हे स्थळ सोयीचे आहे.

२. प्राचीन पुरावा

कर्जत तालुक्यातील कोंडाणे येथील शैलगृहे इसवी सनापूर्वीची आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ यक्षमूर्तीच्या शीर्षाचा अवशेष असून त्याशेजारच्या ब्राह्मी लेखात हे काम कण्हाचा अंतेवासी बलक याने केले असे नोंदविले आहे. पितळखोरे येथील उत्खननात सापडलेल्या आणि सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या यक्षमूर्तीवरही कर्त्याचे नाव कोरलेले आहे. तो कर्ता कण्हदास, आणि त्याचा व्यवसाय हिरण्यकाराचा, अर्थात सोनाराचा, सांगितला आहे. दोन्ही लेखांतील कण्ह एकच असावा असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. नामसाम्यावर आधारलेले हे अनुमान निर्णायक मानता येत नाही. तथापि सोनाराचा हात पाषाणावर चालत होता एवढी गोष्ट पितळखोऱ्याच्या लेखाने निःसंशय सिद्ध होते. सांचीच्या तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी केलेल्या कामाचा उल्लेख आहे, तो याच जातीचा पुरावा होय. मौल्यवान धातू व हस्तिदंत यांच्या बारीक कामात मुरलेले कारागीर शिल्पकामातही होते. म्हणून त्या शिल्पांतील अलंकार हे केवळ कल्पनेचे खेळ नसून जाणत्या हाताने घडविलेले आहेत, असे समजण्यास आधार मिळतो.

या शिल्पांत, तसेच घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या कार्ले येथील चैत्यगृहातील मिथुनमूर्तींत, वस्त्र कसे धारण केले आहे हे पाहावे. अधोवस्त्र कमरेस गुंडाळलेले व कटिबंधाने आवळलेले, उत्तरीय खांद्यावरून सोडलेले, उष्णीष गुंडाळून बसविलेले. सर्व व्यवस्था गुंडाळणे, खोचणे आणि गाठ मारणे या तीन क्रियांवर उभी आहे. वस्त्र टोचून धरणारी पिन तीत नाही. ग्रीक स्त्रियांचे वस्त्र दोन्ही खांद्यांवर टाचण्यांनी धरलेले असे, रोमन सैनिकाचा झगा खांद्यावर 'फिबुला' नावाच्या पिनेने अडकविला जाई, आणि वायव्येकडून आलेल्या कुषाण राजांच्या नाण्यांवर झगा छातीशी अडकविलेला दिसतो. दख्खनच्या वेषात या वस्तूची गरजच नव्हती. पिनेचे ज्ञान नव्हते असे मात्र नाही. सिंधू संस्कृतीच्या स्थळी दुहेरी वेटोळ्याच्या माथ्याच्या तांब्याच्या पिना सापडल्या आहेत. ज्ञान असणे आणि वेषात स्थान असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद पुढील विवेचनात ध्यानात ठेवावा लागेल.

३. मराठी अलंकारांतील चार बंध

मध्ययुगात व पेशवाईत हीच स्थिती टिकून राहिली. शिवलेली वस्त्रे रूढ झाली तरी ती बांधण्याची रीत गाठीचीच राहिली. बाराबंदीचे नावच तिच्या बंदांवरून पडले आहे. चोळीस पुढे गाठ असे. नऊवारी लुगड्याचा कासोटा व पदर खोचून बसत. वस्त्रास पिन लावावयाची जागाच उरत नव्हती. वस्त्रावरील अलंकाराला सर्वांत जवळचा प्रकार पागोट्यावर आढळतो. शिरपेच दोऱ्यांनी मागे बांधला जाई आणि तुऱ्याची अथवा कलगीची दांडी पागोट्याच्या घड्यांत खुपसली जाई. येथेही आधार होता तो गुंडाळलेल्या वस्त्राच्या ताणाचा.

देहावरील अलंकारांत मात्र बंधांची विविधता मोठी आहे. सोयीसाठी त्यांचे चार वर्ग पाडता येतील.

पहिला वर्ग दोऱ्याचा. ठुशी, पुतळ्यांची माळ, कोल्हापुरी साज हे गळ्यातील दागिने पटवेकऱ्याने रेशमी दोऱ्यात गाठविलेले असतात. सरकत्या गाठीमुळे माप कमीजास्त करता येते. दोरा झिजला तर दागिना पुन्हा गाठवावा. सोन्यास धक्का लागत नाही. कर्जतच्या डोंगरपट्टीतील ठाकूर स्त्रियांच्या मण्यांच्या माळांचा बंध मूलतः याच वर्गातील होय.

दुसरा वर्ग आकडा व कडी यांचा. तारेचे एक टोक वळवून त्याची कडी करावयाची व दुसऱ्याचा आकडा करून तो तीत अडकवावयाचा. जुन्या नथीची तार याच तत्त्वावर बसते. यात स्वतंत्र तुकडा नसतो, म्हणून हरवण्यासारखेही काही नसते. कान टोचताना सोनार मुलाच्या कानात जी सोन्याची बारीक तार घालतो, ती या वर्गाचे मूळ रूप म्हणता येईल. मनुष्याच्या आयुष्यातील पहिला अलंकार केवळ सांध्याचाच बनलेला असतो. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण योग्य माणसाच्या तोंडच्या शब्दाला वजन असते एवढ्याच अर्थाने आज वापरली जाते. परंतु तिच्या मुळाशी हे कारागिरीचे सत्य आहे. तारेचे टोक किती गुळगुळीत करावे, कडी किती घट्ट दाबावी, हे त्यालाच ठाऊक.

तिसरा वर्ग मळसूत्राचा. कुडीच्या मागील दांडीवर मळसूत्र असून त्यावर फिरकी बसते. वाकी व तोडे यांच्या तोंडाशीही मळसूत्री खिळा असतो. यंत्र नसताना हे मळसूत्र करण्याची एक सुंदर युक्ती आहे. सारख्या जाडीच्या दोन तारा शेजारी शेजारी ठेवून एका सळईवर गुंडाळावयाच्या, मग त्यांची वेटोळी एकमेकांतून सोडवावयाची. एक वेटोळे दांडीवर डाकावयाचे, दुसरे नळीच्या आतल्या अंगास. एका तारेने सोडलेल्या फटीत दुसरी तंतोतंत बसते. अशा रीतीने नर व मादी ही दोन्ही मळसूत्रे एकाच क्रियेतून जन्मास येतात, आणि म्हणूनच एकीची फिरकी दुसरीस बहुधा लागत नाही. हातघडणीची ही खूण अभ्यासकाने लक्षात ठेवावी.

चौथा वर्ग चापाचा. धातूच्या अंगच्या ताठरपणावर तो अवलंबून असतो. चापाची नथ नाकास भोक नसतानाही बसते ती या गुणामुळे. पहिल्या तीन वर्गांत धातूने आकार धरला की पुरे. चौथ्यात मात्र धातूने वाकून पूर्वस्थितीस यावे लागते. पिनेचा विषय येथून सुरू होतो.

बंधाइतकेच मापाचेही महत्त्व आहे. नरहरी सोनाराच्या सुप्रसिद्ध कथेत विठ्ठलाच्या कमरेची सोन्याची साखळी एकदा अपुरी तर एकदा सैल होते, आणि अखेर डोळे बांधून केवळ हाताने मूर्ती चाचपून माप घ्यावे लागते. कथेचे तात्पर्य भक्तीचे आहे. पण दागिना दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर बसत नाही, ज्याच्या अंगावर तो जावयाचा त्यास हात लावूनच बसतो, हा धंद्यातील रोजचा अनुभव तीत सहज उतरला आहे.

४. पिनेचे आगमन

एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेत नवा बंध शिरला. १८४९ साली न्यूयॉर्क येथील वॉल्टर हंट याने एकाच तारेत वेटोळ्याची कमान व टोकावर आवरण असलेल्या पिनेचे पेटंट घेतले. आज घरोघरी असलेली सेफ्टी पिन ती हीच. त्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी कायद्याने स्थापन झाली. तिच्या प्रारंभीच्या हिंदी संचालकांत जगन्नाथ शंकरशेट होते. कर्जतला लागून असलेल्या मुरबाडचे हे दैवज्ञ घराणे, म्हणजे सुवर्णकारांच्या ज्ञातीतीलच. १८५६ मध्ये लोहमार्ग कर्जतवरून खोपोलीपर्यंत पोहोचला. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग पुरा होऊन गाडी सलग पुण्यास जाऊ लागली. मधल्या काळात गाडीतून उतरून घाट चढण्याची वेळ प्रवाशांवर खोपोलीसच येई.

या मार्गाने मुंबईची वेषभूषाही प्रवास करू लागली. पारशी स्त्रिया साडीचा पदर खांद्यावर पिनेने लावीत. सत्येंद्रनाथ टागोर हे मुलकी सेवेतील पहिले हिंदी अधिकारी मुंबई इलाख्यात नेमले गेले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी यांनी मुंबईत पाहिलेल्या या पद्धतीत आपल्या सोयीप्रमाणे फेरफार करून ती बंगालमध्ये नेली. मराठी मध्यमवर्गातही कासोट्याची नऊवारी मागे पडून गोल साडी, बटणांचे पोलके आणि मोकळा पदर हा वेष हळूहळू आला. १९०९ मध्ये स्थापन झालेले पुणे सेवासदन, १९१६ मधील महिला विद्यापीठ अशा संस्थांमुळे स्त्रिया घराबाहेर पडू लागल्या, तो हाच काळ. खोचलेला पदर कामाचा असतो, सोडलेला पदर सावरावा लागतो. ही सावरण्याची जबाबदारी पिनेवर आली. वस्त्रास पिन लागली ती केवळ हौसेने नव्हे. वस्त्र नेसण्याची रीत पालटली म्हणून लागली.

१९०७ मध्ये नेरळ–माथेरान ही लहान आगगाडी सुरू झाली. मुंबईचे पारशी व गुजराती कुटुंबीय हवापालटासाठी कर्जत तालुक्यातील या डोंगरावर येत. सेफ्टी पिना आणि तयार ब्रोच यांचा परदेशी मालही लोहमार्गाच्या गावांना आता दूरचा राहिला नाही. बर्मिंगहॅम हे अशा लहान धातुकामाचे मोठे केंद्र होते. बोहेमियातील गाब्लोंझची बांगडी व नकली दागिने हिंदुस्थानात खपत. गावच्या सोनारापुढे दोन मार्ग होते. आयता भाग झवेरी बाजारातून आणून आपल्या दागिन्यास लावणे हा एक, आणि स्वतः घडविणे हा दुसरा.

५. टिकाऊ पिनेचे रहस्य

स्वतः घडविलेल्या पिनेचे तीन भाग असतात : बिजागरी, काटा आणि आकडा. टिकाऊपणाचे रहस्य सोन्याच्या शुद्धतेत नसून धातूच्या स्थितीत आहे. सोने तापविले म्हणजे मऊ होते. ठोकले अथवा ओढले म्हणजे कडक होते. बागेसरीत तापवून मऊ केलेली तार जंत्रीच्या उत्तरोत्तर लहान भोकांतून ओढली की तीत ताठरपणा येतो. परंतु हाच काटा डाक लावून दागिन्यास जोडला, तर डाकाच्या उष्णतेने तो पुन्हा मऊ पडतो, आणि पहिल्या महिन्यातच वाकतो. जुन्या दागिन्यांवर वाकडे झालेले जे काटे दिसतात त्यांचे कारण बहुधा हेच.

म्हणून जाणता कारागीर क्रम पाळतो. बिजागरीच्या नळ्या व आकडा हे भाग सवागी लावून आधी डाकून घ्यावयाचे. दागिना आम्लात साफ करावयाचा. नंतर थंड स्थितीतच कडक काटा बिजागरीत बसवून बारीक खिळ्याने जडवावयाचा. काट्यास पुन्हा अग्नी दाखवावयाचा नाही. काट्याचे बूड असे कानसावयाचे की तो दागिन्याच्या पाठीस टेकून थांबावा आणि आकड्यात घालण्यासाठी त्यास किंचित दाबावे लागावे. हा किंचित दाब हाच त्याचा चाप होय. बूड जास्त कानसले तर काटा सैल राहतो, कमी कानसले तर आकड्यापर्यंत पोहोचत नाही. अग्र लांबट व गुळगुळीत करावयाचे, म्हणजे ते वस्त्राचे धागे तोडीत नाही, बाजूस सारून आत जाते. पैठणीसारख्या वस्त्रावर हा फरक तत्काळ कळतो.

दुसरा नियम जागेचा. काटा दागिन्याच्या मध्यरेषेवर बसविला तर जड दागिना पुढे झुकतो. तो मध्याच्या वर हवा, म्हणजे वजन खाली लटकून तोल राहतो. आकड्याचे तोंड खाली असावे. काटा चुकून सुटला तरी दागिना वस्त्रावर लोंबकळत राहतो, निसटून पडत नाही. त्यावर बारीक साखळीची जोड देऊन दुसरा आधार ठेवावयाचा. तोलाचा हा विचार मराठी सोनारास नवा नव्हता. कानातील जड दागिन्याचा भार वेलाने केसांवर घेण्याची युक्ती त्याच्या परंपरेत होतीच.

तिसरा नियम झिजेचा. प्रत्येक हलत्या सांध्यात काहीतरी झिजणारच; कोणता भाग झिजू द्यावा हे ठरविणे कारागिराच्या हाती असते. बिजागरीचा खिळा काढून नवा घालता येईल असा ठेवला तर पन्नास वर्षांनी एका खिळ्यावर काम भागते. सर्व भाग डाकून एकजीव केले तर दुरुस्तीसाठी दागिना पुन्हा आगीत घालावा लागतो, आणि रत्ने असली तर ती काढावी लागतात. टिकाऊ म्हणजे न मोडणारे, ही समजूत अपुरी आहे. मोडल्यावर मूळ वस्तूस धक्का न लावता पुन्हा जोडता येणारे ते टिकाऊ.

डाकाविषयी आणखी एक सामाजिक बाब आहे. डाक हे कमी उष्णतेवर वितळावयास हवे म्हणून त्यात तांबे, चांदी इत्यादींचे प्रमाण अधिक असते. दागिना मोडताना त्याची घट धरली जाते, आणि त्यावरून गिऱ्हाईक व सोनार यांत संशय उत्पन्न होतो. ज्या समाजात दागिना हीच अडीअडचणीची ठेव, तेथे कमी डाकाच्या, आकडा-कडीच्या किंवा दोऱ्याच्या बंधांस पसंती मिळाली यात नवल नाही. पुढे डाकासाठी कॅडमियम वापरले जाऊ लागले. त्याने शुद्धता टिकली. पण त्याची वाफ विषारी, आणि फुंकणीवर वाकलेल्या कारागिराच्याच छातीत ती जाणारी. भारतीय मानक संस्थेने मान्य न केलेली ही रीत 'केडीएम' या नावाने बाजारात मात्र दीर्घकाळ प्रतिष्ठा मिरवीत राहिली.

६. १९६३ चा आघात

या कारागिरीवर सर्वांत मोठा आघात झाला तो जानेवारी १९६३ मध्ये. चीनच्या आक्रमणानंतरच्या आणीबाणीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली. बावीस कॅरटमध्ये सुमारे ९१.६ टक्के सोने असते, चौदा कॅरटमध्ये सुमारे ५८.३ टक्के. हा फरक केवळ किमतीचा नव्हता. चौदा कॅरटचे सोने कडक. ते लवकर ताठते, वारंवार तापवावे लागते, तापविल्यावर काळवंडते. बावीस कॅरटवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला हात त्यावर चालेना, आणि गिऱ्हाईकही त्यास सोने म्हणावयास तयार होईना. देशभर असंख्य सुवर्णकारांचा रोजगार बुडाला. काहींनी प्राण दिले. चौदा कॅरटचे बंधन १९६६ मध्ये उठले, १९६८ मध्ये नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या घटनेत एक विलक्षण विसंगती आहे. पिनेच्या काट्यास, चापास, बिजागरीच्या खिळ्यास हलक्या कॅरटचे कडक सोनेच योग्य. दागिन्याचे अंग शुद्ध सोन्याचे आणि सांधा मिश्र धातूचा, अशी वाटणी हा कारागिरीचा विवेक होता. कायद्याने सांध्याचा धर्म संपूर्ण दागिन्यावर लादला. धातूच्या गुणांचे जे ज्ञान कारागिराच्या बोटांत होते, ते विचारात घेण्याची गरज कोणास वाटली नाही. मोठ्या शहरातील पेढ्या भांडवलाच्या बळावर तग धरू शकल्या. एकट्याने बागेसरी चालविणाऱ्या गावच्या सोनारास तो आधार नव्हता. खोपोलीस १९१५ पासून टाटांचे जलविद्युत्‌केंद्र होते आणि पुढे त्या भागात कारखानदारी वाढली. फुंकणी सुटलेल्या हातांना दुसऱ्या कामाची वाट जवळच दिसत होती.

नियंत्रण गेले तेव्हा परिस्थिती पालटली होती. साच्यातील ओतीव दागिने, यंत्रावर बनलेल्या फिरक्या व पिना घाऊक भावाने मिळू लागल्या. २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे हिताचेच आहे. परंतु शिक्का शुद्धतेची साक्ष देतो, सांध्याची देत नाही. काटा आधी डाकला की नंतर जडविला, हे कोणत्याही शिक्क्यावरून कळणार नाही.

७. पुढील अभ्यासाची दिशा

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, महाराष्ट्रात वस्त्रावरील पिनेचा अभाव हा कौशल्याचा अभाव नव्हता. गाठ व खोचणे यांवर आधारलेल्या वेषाचे ते स्वाभाविक फळ होते. वेष पालटताच आकडा, खिळा, बिजागरी व चाप यांचे जुने ज्ञान नव्या वस्तूच्या कामी येऊ शकले. दुसरा असा की, अलंकाराची पाठ ही त्याच्या इतिहासाची नोंदवही आहे. हाताने केलेले मळसूत्र, जोडलेला नवा काटा, दोनदा लागलेले डाक यांवरून दागिना कोणत्या काळात, कोणत्या वेषावर आणि किती पिढ्यांनी वापरला याचे अनुमान बांधता येते.

यासाठी करावयाचे काम खर्चाचे नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी नित्य वापराच्या वस्तूंचा मोठा संचय आहे. तेथील दागिन्यांची पाठीकडून छायाचित्रे घेऊन वर वर्णिलेल्या चार बंधांनुसार आणि पिनेच्या पाचव्या बंधानुसार त्यांची सूची करणे शक्य आहे. दुसरे काम अधिक निकडीचे आहे. कर्जत, खोपोली, नेरळ, चौक अशा गावांतून ज्यांनी जंत्रीतून तार ओढली, हाताने मळसूत्र केले, असे वृद्ध कारागीर जेथे असतील तेथे त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक क्रियेचा क्रम, प्रत्येक हत्याराचे गावातील नाव आणि प्रत्येक भागाचे माप लिहून घेतले पाहिजे. सोने वितळवून पुन्हा घडविता येते. काटा किती कानसावा याचे ज्ञान मात्र हातांबरोबर नाहीसे होते. विभागातील विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत हे काम हाती घ्यावे.